सिल्व्हर गाडीच्या बंपरचा रंग जुळवणे : पॅच, अख्खा बंपर की नवाच?

सिल्व्हरस्वार
मंडळी, गाडी २०१४ ची स्विफ्ट, रंग सिल्की सिल्व्हर. मागच्या बंपरचा डावा कोपरा सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला घासला गेलाय. (गाडी कोण चालवत होतं हा विषय घरात बंद झालेला आहे, इथेही उघडू नये.) तळहाताएवढ्या भागातला रंग निघून आतलं काळं प्लास्टिक दिसतंय, त्याच्या खाली बोटभर चीर आहे आणि बंपर जिथे क्वार्टर पॅनलला (मागच्या चाकावरच्या पत्र्याला) अडकतो तिथलं एक लॉक तुटलंय. पत्र्याला काहीही झालेलं नाही.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारलं तर अख्खा बंपर रंगवू म्हणाले, साडेचार हजार अधिक जीएसटी. घराजवळचा पेंटर म्हणतो बाराशेत फक्त कोपरा मारून देतो, "साहेब, सांगितल्याशिवाय कळणार नाही". एकाने नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून नवा, रंगवलेला बंपरच आणून बसवायचा सल्ला दिला.

माझी भीती वेगळीच आहे. आमच्या पार्किंगमध्ये दोन सिल्व्हर गाड्या अशा आहेत की बंपर एका गाडीचा आणि बाकी गाडी दुसरीची वाटते. सिल्व्हर खरंच जुळत नाही का? रंगाचा कोड देऊनही फरक का पडतो? आणि सध्या पुण्यात पाऊस लागलाय, तर हे काम दिवाळीपर्यंत थांबवावं का?

शंकासूर
पहिला सल्ला: तसंच राहू द्या. पुण्यात ओरखडा नसलेली गाडी म्हणजे काल शोरूममधून निघालेली गाडी.

उद्यमनगरी
आमचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, वडिलांपासून. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

बाराशेचा पॅच सोडून द्या. सफेद सॉलिड, म्हणजे बिनचमकीचा, रंग असता तर मी म्हणालो असतो की मारा. सिल्व्हरमध्ये पॅचची कड झाकत नाही. पेंटर कोपऱ्यावर बेस, म्हणजे रंगाचा थर, मारतो, कडेला स्प्रे गन उडवत नेतो आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, तोसुद्धा तेवढ्याच भागावर मारून कड पॉलिशनं घासतो. पहिले दोन-तीन महिने छान दिसतं. मग त्या कडेवर क्लिअर पातळ असल्यानं तिथनंच पापुद्रा सुटायला लागतो. बंपर ही सुटी वस्तू आहे, तिला स्वतःच्या कडा आहेत. क्लिअर कुठं थांबवायचा तर त्या कडेला, मधे नाही. बेस हवा तर अर्ध्या बंपरवर मारून पुढं विरळ करत न्या, पण क्लिअर अख्ख्या बंपरवरच पाहिजे.

आता चीर. बंपर आतल्या बाजूनं बघा, कुठंतरी प्लास्टिकवर ठसा असतो, बहुतेक गाड्यांना "पीपी" किंवा "पीपी अधिक ईपीडीएम" अशा अक्षरांचा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर. ठसा सापडला नाही तर आतल्या कडेची नखाएवढी साल ब्लेडनं काढून पाण्यात टाका. तरंगली तर पीपी, बुडाली तर एबीएस किंवा दुसरं कुठलं प्लास्टिक. पीपीला साधी पुट्टी किंवा फेविक्विक धरत नाही. आतनं गरम स्टेपल मारायचे, नाहीतर पीपीच्याच कांडीनं वेल्ड करायचं, आणि बाहेरनं प्लास्टिकसाठीचा लवचिक फिलर. पत्र्याची पुट्टी लावली तर ती कडक बसते आणि बंपर दाबला की तडकते. तुटलेलं लॉकसुद्धा वेल्ड होतं, फक्त आधी गाडीवर लावून गॅप बघायचा आणि मगच रंगाला घ्यायचं. हे उलट केलं की बसवताना नवीन रंगालाच ओरखडा.

सिल्व्हरस्वार
साल काढून वाटीत टाकली, तरंगतेय. ठसाही सापडला, पीपी अधिक ईपीडीएम. धन्यवाद. आता घरात विचारताहेत की वाटीत काय शिजतंय.

रंगरसायन
मी बरीच वर्षं ऑटोमोटिव्ह पेंटच्या कारखान्यात होतो. "कोड देऊनही फरक का" याचं उत्तर देतो.

तुमच्या रंगाचा कोड झेड-२-एस. हा कोड म्हणजे फॉर्म्युल्याचं नाव, तुमच्या गाडीच्या आजच्या रंगाचं नाही. एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या प्लांटमध्ये, वेगवेगळ्या बॅचमध्ये, कधी वेगळ्या पुरवठादाराकडून येतो. रिफिनिश पेंट (दुरुस्तीसाठीचा रंग) बनवणाऱ्या कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून त्यांच्याकडे एका कोडखाली मूळ शेड आणि तिची भावंडं असतात: एक जरा निळसर, एक जरा जाड दाण्याची, एक किंचित गडद. मिक्सिंगवाल्याने संगणकात कोड टाकून पहिलाच फॉर्म्युला उचलला की खेळ तिथेच बिघडतो. त्याने शेडच्या चिपांचा पंखा काढून त्या भावंडांतून निवडायला हवं.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: फॅक्टरीतून निघतानाही बंपर आणि बॉडी एकत्र रंगवलेले नसतात. बॉडीचा पत्रा रंगाच्या भट्टीत साधारण १४० अंशांवर भाजतात. पीपीचा बंपर त्या तापमानाला वाकून जाईल. म्हणून बंपर वेगळ्या लाइनवर, पुष्कळदा वेगळ्या पुरवठादाराकडे, ८० अंशांच्या आसपास सुकणाऱ्या वेगळ्या रंगाने रंगवतात. शोरूममधल्या कोऱ्या सिल्व्हर गाडीजवळ उन्हात उभे राहून बंपर आणि फेंडरचा सांधा तिरक्या नजरेने बघा, काही गाड्यांत फरक दिसेल. शंभर टक्के जुळणी हे ध्येय ठेवू नका, कारण कंपनीनेही ती दिलेली नव्हती.

तिसरं, आणि सिल्व्हरचं खरं दुखणं. यात अॅल्युमिनियमच्या चपट्या चकत्या असतात, प्रत्येक म्हणजे एक बारीक आरसा. त्या आडव्या सपाट बसल्या तर समोरून रंग उजळ दिसतो आणि बाजूने काळवंडतो. वाकड्यातिकड्या बसल्या तर समोरून गडद, बाजूने उजळ. चकत्या कशा बसणार हे डब्यात ठरत नाही, गनमध्ये ठरतं. हवेचा दाब वाढवला, गन लांब धरली, थिनर लवकर उडणारा घेतला की कोट कोरडा बसतो आणि रंग उजळतो. गन जवळ, कोट ओला, थिनर सावकाश उडणारा असला की गडद. एकाच डब्यातल्या रंगाने दोन पेंटर दोन शेड काढतात ते यामुळे.

बॉनेटवाला
वर सांगितलंय ते बरोबरच, पण एक उपाय सुटलाय: ब्लेंडिंग. परदेशात आणि इथल्या मोठ्या बॉडीशॉपमध्येही मेटॅलिकला, म्हणजे सिल्व्हरसारख्या चकत्यांच्या रंगाला, शेजारच्या पॅनलवर बेस विरळ करत नेतात आणि त्या पॅनलला पूर्ण क्लिअर देतात. डोळ्याला कडेवरचा फरक कळतो, हळूहळू बदलणारा कळत नाही. त्यामुळे बंपरसोबत क्वार्टर पॅनलवर वीतभर ब्लेंड करून घ्या. खर्च दुप्पट होईल, पण जोड दिसणार नाही.

उद्यमनगरी
काय राव! चांगल्या पत्र्यावरचा कंपनीचा रंग बंपरपायी घासायचा? दारावर किंवा फेंडरवर काम असेल तर ब्लेंडिंग मीही करतो, त्याशिवाय भागतच नाही. पण क्वार्टर पॅनल हा बॉडीला वेल्ड केलेला भाग आहे, वर छतापर्यंत जातो. त्याचा क्लिअर कुठं थांबवणार? थेट छताला धरणाऱ्या मागच्या खांबावर कड येणार, म्हणजे जी भानगड बंपरवर टाळली ती पत्र्यावर आणली. शिवाय उद्या गाडी विकायला काढली की घेणारा मायक्रॉन मोजायचं यंत्र लावतो. क्वार्टर पॅनलवर आकडा वाढलेला दिसला की "ॲक्सिडेंट झालाय" म्हणून वीस हजार पाडून मागतो. बंपरवर ते नेहमीचं यंत्र चालतच नाही, त्याला खाली लोखंड किंवा ॲल्युमिनियम लागतं.

बॉनेटवाला
विक्रीचा मुद्दा मान्य. तरी ज्याला गाडी आणखी पाच-सात वर्षं ठेवायची आहे आणि रोज तो सांधा डोळ्यांना खुपणार आहे त्याच्यासाठी ब्लेंडिंगच बरं, असं माझं मत कायम आहे.

रंगरसायन
बंपर आणि पत्र्याच्या मधे तीन-चार मिलिमीटरची फट असते आणि बंपर तिथे वळतो. त्या फटीच्या सावलीमुळे किंचित फरक नजरेआड होतो. मीही क्वार्टर पॅनलला हात लावणार नाही.

हिशेबनीस
रंगाचं मला कळत नाही, विम्याचं कळतं. क्लेम करावा का असं कोणी विचारलेलं नाही, पण वर्कशॉपवाला नक्की सुचवणार, म्हणून आधीच गणित मांडतो.

समजा रंगकामाचं बिल ५,००० रुपये, जीएसटी सध्या बाजूला ठेवू. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात. बिलात मटेरियल वेगळं दाखवलं नसेल तर रंगकामाच्या रकमेचा २५ टक्के भाग मटेरियल धरतात. म्हणजे १,२५० चे अर्धे, ६२५ गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. हातात आले ३,३७५.

आता दुसरी बाजू. तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) ५० टक्के असेल आणि बोनसआधीचा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम ५,००० असेल, तर दरवर्षी २,५०० वाचताहेत. क्लेम केला की पुढच्या वेळी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा ५०. प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं तर २,५०० + १,५०० + १,२५० + ७५० + २५० = ६,२५० रुपयांचं नुकसान. ३,३७५ मिळवायला ६,२५० घालवायचे. गाडी जुनी होते तसा प्रीमियम थोडा उतरतो, म्हणून नुकसान जरा कमी होईल, पण निष्कर्ष बदलत नाही. बोनस प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलं असेल तर हिशेब वेगळा.

नवा बंपर क्लेममध्ये घातला तर प्लास्टिकच्या भागावर गाडी कितीही नवी असो ५० टक्के घसारा आहे. झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) असेल तर तो माफ, पण तुमच्या वयाच्या गाडीला झिरो डेप मिळणं कठीण.

सिल्व्हरस्वार
हिशेबनीस, बोनस ५० टक्केच आहे. क्लेमचा विषय संपला. आकडे घरी वाचून दाखवले, पहिल्यांदाच या धाग्याला घरातून मान्यता मिळाली.

रेवा_दापोली
माझी गाडी लाल आहे, सिल्व्हर नाही, पण जुळवणीचा अनुभव लिहिते. कोकणातल्या उन्हापावसात लाल रंग फार लवकर उतरतो. बॉनेट वेगळं, दार वेगळं, असं झालं होतं. पुढचा बंपर रंगवायचा होता तेव्हा रत्नागिरीच्या मिक्सिंगवाल्याने सांगितलं की कोड आणू नका, पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून आणा. दोन स्क्रू असतात. त्याने आधी झाकणाला कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट) मारून वरची मळकट साय काढली. मी म्हटलं कशाला, तर म्हणाला, "ताई, मळ मोजून रंग करू का?" मग त्याने एक छोटं यंत्र झाकणावर टेकवलं, त्याने चार-पाच फॉर्म्युले सुचवले.

पण त्याने रंग लगेच दिला नाही. पत्त्याएवढ्या काळ्या-पांढऱ्या कार्डावर तो रंग गनने मारला, वर क्लिअर मारला, सुकवला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. "फेंडरवर बंपरच्या शेजारी चिकटवा आणि बाहेर उन्हात बघा, दुकानातल्या ट्यूबखाली नको." समोरून जुळत होतं, तिरकं पाहिलं तर कार्ड नारिंगीकडे झुकत होतं. परत गेले, त्याने कुठल्याशा बाटलीतले थेंब वजनकाट्यावर मोजून टाकले, दुसरं कार्ड मारलं. ते जुळलं.

उद्यमनगरी
रेवाताई, पत्ता द्या त्या माणसाचा, आमच्याकडं कामाला लावतो. हेच करायला पाहिजे आणि हेच कोणी करत नाही. कार्ड मारायला अर्धा तास जातो आणि रंग वाया जातो म्हणून टाळतात. सिल्व्हरस्वार, तुम्ही पेंटरला एवढंच विचारा: "आधी कार्ड मारून दाखवणार का?" हो म्हणाला तर काम द्या. "अनुभव आहे, गरज नाही" म्हणाला तर चहा पिऊन निघा. आणि कार्ड त्याच पेंटरनं, त्याच गननं मारलेलं पाहिजे. मिक्सिंगच्या दुकानात दुसऱ्यानं मारलेल्या कार्डाचा सिल्व्हरला उपयोग नाही, कारण वर रंगरसायन यांनी सांगितलंय.

झाकणाबद्दल एक सांगतो. मागच्या बंपरला ते चालतं, कारण झाकण तिथंच शेजारी असतं. पुढच्या बंपरला फेंडरशीच ताडून बघायचं. बॉनेटशी कधीच जुळवू नका, त्यावर सगळ्यात जास्त ऊन पडतं.

रंगरसायन
रेवा यांच्या मिक्सिंगवाल्याकडचं यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. मेटॅलिकसाठी एका कोनातून मोजणारं यंत्र पुरत नाही, तीन ते सहा कोनांतून मोजणारं लागतं. ट्यूबखाली बघू नका हा सल्लाही शास्त्राला धरून आहे. दोन रंग वेगवेगळ्या टिंटरनी, म्हणजे मिसळायच्या मूळ रंगांनी, बनवलेले असतील तर एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. भर दुपारचं डोक्यावरचं ऊनही टाळा, सकाळी नऊच्या सुमाराचं बरं. तीन ठिकाणांहून बघा: समोरून, बाजूने, आणि सूर्याकडे पाठ करून.

फोंड्याचो
सिल्व्हरला कठीण म्हणताय, आमची इनोव्हा क्रिस्टा मोतिया पांढरी आहे, कोड ०७०. पात्रांव, तो रंग तीन थरांचा! खाली पांढरा बेस, मधे मोत्याचा अर्धपारदर्शक थर, वर क्लिअर. मधल्या थराचे कोट किती मारले त्यावर रंग ठरतो. इथल्या एका वर्कशॉपने पुढचा बंपर रंगवून दिला तो दह्यापेक्षा लोण्याच्या जवळ. मोत्याचा एखादा कोट जास्त झाला की तसं होतं, हे मला नंतर दुसऱ्या पेंटरने सांगितलं. त्याने एका पट्टीवर आधी बेस मारला, मग कागदाने झाकत झाकत एका भागावर मोत्याचा एक कोट, पुढच्यावर दोन, त्याच्यापुढे तीन असं केलं, सगळ्यावर क्लिअर मारला आणि पट्टी फेंडरला लावली. दोन कोटांचा भाग फेंडरमध्ये नाहीसा झाला. मग बंपर पुन्हा घासून तेवढेच कोट. मोतिया रंगवाल्यांनी ही पट्टी मागावी.

पावसाचं मात्र विचारू नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कोणी शहाणा माणूस उघड्यावर रंग मारत नाही.

उद्यमनगरी
पावसाचा प्रश्न राहिलाच होता. बूथ, म्हणजे बंदिस्त रंगखोली, असेल तर पावसात काम होतं, दिवाळीपर्यंत थांबायला नको. उघड्या शेडमधे नको. दमट हवेत थिनर झपाट्यानं उडाला की पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि रंग दुधाळ होतो. बूथमधे हवा गाळून, गरम करून येते आणि नंतर ६० अंशाला अर्धा तास भाजता येतं. बंपर भाजताना मात्र खालनं नीट आधार पाहिजे. दोन टोकांवर टांगून भाजलेला बंपर मधे पोट काढतो, मग गाडीवर बसत नाही.

कामाचा क्रम सांगतो म्हणजे कोणी काही गाळलं तर कळेल. बंपर उतरवायचा, साबणानं धुवायचा. मग मेणकट-तेलकट काढायचं सोल्युशन. टायरला आणि डॅशबोर्डला चमक आणायला जे लावतात त्यात सिलिकॉन असतं, ते राहिलं तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. वेल्डिंग, फिलर, घासणं: ८० नंबरपासनं चढत ३२० पर्यंत. उघड्या प्लास्टिकवर आधी प्लास्टिक प्रायमर, म्हणजे तो पाण्यासारखा ॲडहिजन प्रमोटर. हा थर गाळला की पुढचं सगळं फुकट, पीपीला रंग धरतच नाही. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी मारल्यावर बंपरचा रंग चादरीसारखा निघालेला बघितला असाल, तो याच कारणानं. मग टूके (हार्डनर मिसळायचा, दोन घटकांचा) सरफेसर, म्हणजे सपाटीचा थर, ८०० चा वॉटर पेपर, बेसचे दोन-तीन कोट मधे पाच-दहा मिनिटं सोडून, शेवटचा कोट गन लांब धरून हलका, म्हणजे ढगांसारखे गडद-उजळ डाग दिसत नाहीत. मग क्लिअरचे दोन कोट.

आणि एक, हे आमच्या लायनीतले लोकसुद्धा विसरतात. सिल्व्हर बंपर जमिनीवर पालथा टाकून मारायचा नाही. गाडीवर जसा उभा असतो तसाच स्टँडवर उभा करून मारायचा. पालथा मारला तर चकत्या वेगळ्या बसतात.

शंकासूर
एवढं वाचून मीच माझा बंपर यूट्यूब बघून घरी रंगवावा म्हणतो. स्प्रे कॅन मिळतात ना रंगाच्या कोडचे? गच्चीवर मारतो, रविवारी.

न्यूजर्सीकर
मी केलंय, पण इथल्या हवेत आणि गॅरेजमध्ये. होंडा, मॉडर्न स्टील मेटॅलिक, कोड एनएच-७९७-एम. बॉडीशॉपने सहाशे डॉलर सांगितल्यावर हात शिवशिवले. कोडप्रमाणे भरून दिलेले बेसचे कॅन मागवले. बेस कुठलाही चालतो, खरी मेख क्लिअरमध्ये आहे. साधा एक घटकाचा क्लिअर पेट्रोल सांडलं तरी मऊ पडतो. दोन घटकांचा टूके क्लिअर कॅनमध्येही मिळतो. तळाची पिन ठोकली की आत हार्डनर मिसळतो आणि मग तो कॅन एक-दोन दिवसांतच संपवावा लागतो.

निकाल: दहा फुटांवरून उत्तम, दोन फुटांवरून ओळखू येतं. कॅनचा दाब आणि नोझल आपल्या हातात नसतं, त्यामुळे मेटॅलिकचा कोट थोडा कोरडाच बसतो आणि बंपर किंचित उजळ झाला. सिल्व्हरला गच्चीचा नाद करू नये असं माझं मत.

आणि शंकासूर, हे गंमतीत घेऊ नका: टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कोविडवेळचे कापडी किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाहीत. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उठू शकतो. काडतूसवाला रेस्पिरेटर, हातमोजे, आणि आजूबाजूला कोणी नको. गच्चीवर वाळवणं असतील शेजाऱ्यांची.

शंकासूर
वाळवणं नाहीत, पण जोशीकाकूंच्या कुरडया असतात. बेत रद्द.

उद्यमनगरी
आमच्या वडिलांना आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून गन मारायची सवय. आता दोन जिने चढले की थांबतात. न्यूजर्सीकर म्हणताहेत ते शंभर टक्के खरं आहे. पेंटर निवडताना त्याच्या पोरांच्या तोंडावर काय आहे हेही बघा, ज्या शेडमधे मास्क आहेत तिथं बाकीची कामंही बहुतेक नीट होतात.

सिल्व्हरस्वार
नाना पेठेच्या रंगवलेल्या बंपरबद्दल कोणी बोललं नाही. तिथे चौकशी केली तर कंपनीचा सुटा बंपर काळा, बिनरंगाचा मिळतो. रंगवलेले आहेत ते डुप्लिकेट, हातात घेतल्यावर पातळ वाटले.

उद्यमनगरी
तोच तर मुद्दा. रंगवलेला म्हणजे कोडाच्या पहिल्या फॉर्म्युल्यानं मारून ठेवलेला, तुमच्या गाडीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. डुप्लिकेट बंपरच्या लॉकच्या जागाही दोन-चार मिलिमीटर इकडं-तिकडं असतात, दिव्याखाली फट राहते. तुमचा मूळचा बंपर बोटभर चिरेसाठी टाकू नका. दोन-तीन ठिकाणी फाटला असता किंवा माउंटिंगच गेलं असतं तर कंपनीचा काळा आणून रंगवा म्हणालो असतो.

अबोध_चालक
माझ्याकडे नवीन गाडी आहे, बंपरमागे रडार असलेली. वरचं सगळं तिलाही लागू का?

रंगरसायन
पूर्ण नाही. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांमागे ब्लाइंड स्पॉटचं (आरशात न दिसणाऱ्या जागेवर नजर ठेवणारं) रडार असतं, ते बंपरच्या आरपार बघतं. तिथे फिलर भरला किंवा जुन्या रंगावर नव्याचे थर चढवले की सिग्नल कमी होतो, आणि मेटॅलिकमधल्या ॲल्युमिनियमचा त्रास त्याहून जास्त. त्यामुळे बऱ्याच कंपन्या रडारसमोरच्या भागात दुरुस्तीला परवानगीच देत नाहीत, बंपर बदला म्हणतात. आधी तुमच्या कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक वर्कशॉपला उघडायला लावा. पार्किंगचे गोल सेन्सर वेगळे, ते अल्ट्रासॉनिक. ते काढून बंपर रंगवायचा. सेन्सरवर रंग द्यायचाच असेल तर अगदी पातळ, जाड थर बसला की ते उगाच बोंबलतात.

सिल्व्हरस्वार
काम झालं. सिंहगड रोडला बूथवाला सापडला, कार्ड मारून दाखवायला तयार होता. पहिलं कार्ड समोरून काळपट दिसत होतं. त्याने फॉर्म्युला तोच ठेवून जाड दाण्याची सिल्व्हर थोडी वाढवली आणि गनचा दाब जरा चढवला. दुसरं कार्ड क्वार्टर पॅनलवर ठेवल्यावर त्याची कड शोधावी लागली. अख्खा बंपर, चीर आणि लॉकच्या वेल्डिंगसह ३,८०० रुपये. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बंपर अर्ध्या छटेने उजळ दिसतो, मला दिसतो. घरातल्यांना दाखवूनही दिसला नाही. बॉनेटवाला यांची आठवण आली, पण पत्र्याला हात लावला नाही.

आता विचारायचं ते असं की पॉलिश किंवा वॅक्स कधी करू? पेंटर म्हणाला लगेच करा, चकाकेल.

उद्यमनगरी
महिनाभर वॅक्स नको. भाजलेला असला तरी क्लिअरमधनं राहिलेलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत असतं, त्याला वाट बंद करू नका. आठ दिवस नुसतं पाणी आणि मऊ फडकं, प्रेशरवॉश अजिबात नको. पाखरांची घाण पडली तर मात्र लगेच धुवा, नवीन क्लिअरवर तिचा डाग बसतो. धुळीचा एखादा कण अडकलेला असेल तर महिन्यानंतर २००० च्या पेपरनं घासून पॉलिश करून घ्या, आत्ता नखानं उकरू नका.

आणि उरलेला बेस त्याच्याकडनं मागून घेतला का? हार्डनर न घातलेला बेस काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवला तर टचअपला बराच काळ चालतो. वापरताना भरपूर हलवायचा, चकत्या तळाला बसतात.

सिल्व्हरस्वार
बेस मागायचं सुचलं नाही, पण डब्यावरच्या लेबलचा फोटो काढलाय: सगळे टिंटर, ग्रॅमसकट.

उद्यमनगरी
मग काम भागलं. त्यावर त्यानं वाढवलेली जाड सिल्व्हर किती ग्रॅम ते हातानं लिहून घ्या, छापील लेबलात ती नसणार.